आप्त कोणास म्हणावे?

हातात समिधा घेऊन सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींच्या आश्रमात गेले, ही प्रश्नोपनिषदातील कथा आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. त्या सहांपैकी भार्गव हा विदर्भाचा होता, याचे कौतुक करणारेही भेटतात. परंतु ऋषींनी त्यांना वर्षभर तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांच्या नियमांत राहण्याची आज्ञा केल्यावर पुढे जे आश्वासन दिले, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वर्ष सरल्यावर वाटेल ते विचारा, आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे ते म्हणाले. त्याच उपनिषदाच्या अखेरच्या प्रश्नात सुकेशा भारद्वाज आपली हकीकत सांगतो: कोसलदेशचा राजपुत्र हिरण्यनाभ त्याच्याकडे आला आणि षोडशकल पुरुषाविषयी पृच्छा करता झाला, तेव्हा सुकेशाने, मला हे माहीत नाही, माहीत असते तर का सांगितले नसते, जो असत्य बोलतो तो मुळासकट सुकून जातो, असे उत्तर दिले आणि राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला. अध्यात्मविद्येच्या ग्रंथातच अज्ञानाची कबुली इतक्या सहजपणे नोंदली जावी, आणि ती देणाऱ्याची योग्यता तिळमात्र उणी होऊ नये, ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षणाची चिंता वाहणाऱ्यांनी अवश्य मनावर घ्यावी अशी आहे.

मुलांना विज्ञानाची गोडी कशी लागेल यावर सरकारदरबारी जी खलबते चालतात, त्यांत साहित्यपेट्यांची, प्रदर्शनांची, स्पर्धापरीक्षांची तजवीज पुष्कळ असते. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक वृत्ती यांचा विकास करणे हे नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांच्या यादीत, अनुच्छेद 51क मध्ये, दाखल करून टाकले. तजवीज वाईट आहे असे नाही. पण हे सारे मुलापर्यंत ज्याच्या मुखातून पोचावयाचे, त्या शिक्षकाने कोणत्या अधिकाराने बोलावे, हा प्रश्न कोणत्याही परिपत्रकाच्या कक्षेत येत नाही, कारण तो मूलतः प्रमाणशास्त्राचा आणि त्याहूनही धर्माचा आहे.

यावर आपल्या सुधारकांचे एक ठरीव उत्तर असते: मुलाने स्वतः पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये. हे उत्तर चार्वाकाला शोभेल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, प्रकाशाला सूर्यापासून येथवर यावयास सुमारे आठ मिनिटे लागतात, यांतले काय दहावीच्या मुलाने स्वतः पडताळून पाहिलेले असते? विज्ञानाचा बराचसा भाग, शास्त्रज्ञांनासुद्धा, दुसऱ्याच्या शब्दावरच घ्यावा लागतो. नैयायिकांनी म्हणूनच प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्दालाही प्रमाणाचे स्थान दिले, आणि शब्द कोणाचा मानावा या शंकेवर आप्ताचा, असे म्हणून न थांबता आप्ताचे लक्षणही सांगितले. ज्याने वस्तू यथार्थ जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे वात्स्यायनाने आपल्या भाष्यात निःशंकपणे लिहून ठेवले आहे. कुळाचा, वर्णाचा, पदवीचा येथे संबंध नाही. मात्र यातून एक अडचण उभी राहते. शिक्षकाने वस्तू यथार्थ जाणली आहे की नाही, हे मुलाने ओळखावे कसे? माझ्या मते त्याच्या हाती एकच खूण आहे: जो माणूस न कळलेल्या ठिकाणी थांबतो, त्याच्या कळलेल्या गोष्टींवर विसंबण्यास हरकत नसते.

हे तत्त्व शाळेत उतरविण्याचा एक मोठा उद्योग मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी होशंगाबाद जिल्ह्यात झाला. 1972 साली बनखेडीजवळची किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकविण्याची नवी रीत सुरू केली; 1978 साली ती जिल्हाभर गेली, 1982 साली स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे तिचा भार उचलला आणि अखेरीस सुमारे हजार शाळांपर्यंत तिचा विस्तार झाला. यांतील रसुलियाचे केंद्र क्वेकर पंथीयांचे होते, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो; ज्यांच्या उपासनेत पुरोहित नाही, जमलेल्यांपैकी ज्याला आतून सुचेल त्याने उठून बोलावे असा ज्यांचा रिवाज, त्यांच्या अंगणात पाठ्यपुस्तकाचे पौरोहित्य झुगारणारे विज्ञान रुजावे, हे यथायोग्यच झाले. पुण्याच्या टेल्कोतील अभियंते अरविंद गुप्ता वर्षभराच्या रजेवर तेथे गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून आकृत्या जोडण्याची त्यांची प्रसिद्ध युक्ती तेथल्याच वास्तव्यात सुचली.

‘बाल वैज्ञानिक’ या तेथील पुस्तकांत व्याख्या नव्हत्या, आयती उत्तरेही नव्हती; प्रयोग आणि प्रश्न तेवढे होते, आणि उत्तर मुलाने आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिहावयाचे होते. परंतु खरे नवल शिक्षकांच्या प्रशिक्षणात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलेल्या शिक्षकांना व्याख्याने न देता चार-चारांच्या टोळ्या करून तेच प्रयोग करावयास बसवीत. एकच लांबी टोळीतल्या प्रत्येकाने मोजावी असा साधा पाठ घ्या. पट्टी तीच, वस्तू तीच, तरी आकडे वेगळे निघतात. कोणाची पट्टी जरा तिरकी पडलेली, कोणी झिजलेल्या टोकापासून मोजलेले, कोणी डोळा एका बाजूला ठेवून वाचलेले. आणि ज्याने वीस वर्षे वर्गात ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यांखेरीज तिसरा शेरा दिला नाही, त्या गुरुजींना, यांतले खरे माप कोणते, या प्रश्नाला एकदम उत्तर देता येत नाही. दिल्ली विद्यापीठातून आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले प्राध्यापकही तेथे बसलेले असत, आणि कित्येकदा खेड्यातल्या शिक्षकाच्या शंकेपुढे त्यांनाही हात टेकावे लागत. नामांकित विद्वान आपल्यासमोर ‘पाहिले पाहिजे’ म्हणतो, हे पाहिलेल्या शिक्षकाला आपल्या वर्गात तेच म्हणण्याचे धैर्य येते. प्रशिक्षणाचे इतर सर्व लाभ मला याच्या खालचे वाटतात. मुलांनी आपल्या शंका ‘सवालीराम’ या कल्पित गृहस्थाला पत्राने कळवाव्यात आणि त्याच्या नावाने त्यांना उत्तरे जावीत, अशीही एक गमतीची सोय तेथे होती.

याच्या उलट चित्र पाहावयास आपल्याला दूर जावे लागत नाही. अकरावीच्या प्रयोगशाळेत साधा दोलक टांगलेला असतो. वीस आंदोलनांना लागणारा वेळ घ्यावयाचा, त्यावरून गुरुत्वत्वरण काढावयाचे. उत्तर 980 च्या आसपास यावे, हे मुलांना मागच्या वर्षीच्या जर्नलवरून आधीच ठाऊक असते, म्हणून हुशार मुलगा घड्याळाकडे न पाहता उत्तरापासून मागे येत येत सेकंदांचे आकडे तयार करतो आणि त्यांत मधूनमधून थोडी चूकही पेरतो, म्हणजे रीडिंग स्वाभाविक दिसावे. ज्याचे प्रामाणिकपणे 940 आले, त्याची वही परत येते. सत्यनारायणाची पूजा घालणाऱ्याला जे अवैज्ञानिक म्हणतात, त्यांच्याच देखरेखीखाली हे घडत असते, आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. मुलाला येथे विज्ञानाची पहिली दीक्षा मिळते ती असत्याची. सुकेशाची मुळासकट सुकण्याची भीती अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही. 940 का आले, दोरा नीट मोजला होता काय, आंदोलन फार रुंद झाले काय, घड्याळ उशिरा दाबले काय, असे त्या मुलाशेजारी बसून शोधण्यात जो तास जाईल, तो वर्षातल्या कोणत्याही विज्ञान-प्रदर्शनाहून मोलाचा ठरेल.

यावर शिक्षकांचे एक गाऱ्हाणे असते, आणि ते खोटे नाही. वर्गात ‘ठाऊक नाही’ म्हटले की पत जाते, पालक मुख्याध्यापकांकडे जातात, आणि पोर्शन पुरा झाला नाही म्हणून जाब देण्याची वेळ येते ती शिक्षकावरच. होशंगाबादला हे ओळखून परीक्षाच पालटली होती; मुलांनी पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहावीत, हाताने प्रयोग करून दाखवावा, असा तेथला दंडक होता. तरीही तीस वर्षांनंतर, 2002 साली, राज्य शासनाने तो उपक्रम बंद केला आणि तेथील शाळांना इतर जिल्ह्यांसारखेच पाठ्यपुस्तक लागू झाले. एका सरकारच्या माथी हा दोष मारून मोकळे होणे सोपे आहे, परंतु आपल्या मुलाच्या वहीत कोणत्या प्रश्नाचे उत्तर रिकामे ठेवलेले आपल्याला चालेल, हे आपण पालकांनी तरी कधी स्वतःला विचारले आहे? शिक्षकाच्या गोपनीय अहवालात निकालाची टक्केवारी, हजेरी, वर्तणूक यांचे रकाने असतात. वर्षभरात त्याने कोणत्या शंकेचे उत्तर येत नसल्याचे वर्गात मान्य केले आणि मग ते मुलांबरोबर कसे शोधले, यासाठी रकाना नाही, आणि तो छापावा असा अर्ज घेऊन शिक्षण खात्याकडे कोणी गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.