डोळ्यांखालचा खड्डा आणि गुपचूप घेतलेला निर्णय

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की अख्खं घर कामाला लागतं. लेन्स भारतीय घ्यायची की इम्पोर्टेड, मोनोफोकल की मल्टिफोकल, अमक्यांच्या सासऱ्यांनी कुठे केलं होतं, विम्यात किती बसतं, याची चर्चा आठवडाभर जेवणाच्या टेबलावर चालते. त्याच घरातली चाळिशीची सून डोळ्यांखालचे खड्डे भरून घ्यायला निघते तेव्हा कोणालाच काही विचारत नाही. दाढ दुखतेय असं सांगते, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत जाते आणि वीस-पंचवीस हजारांचं इंजेक्शन रिसेप्शनवरच्या मुलीने पुढे केलेल्या दरपत्रकावरून निवडते. सुई दोघांच्याही डोळ्याजवळच जाते.

या उपचारातला सगळ्यात सहज टाळता येण्याजोगा धोका म्हणजे हा गुपचूपपणा, असं माझं मत आहे. आणि तो तिने एकटीने तयार केलेला नाही. घरात याला ‘नसती थेरं’ म्हणतात. सरकारी हिशेबही साधारण तसाच आहे. वैद्यकीय सेवांना जीएसटीतून सूट आहे, पण निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारावर कर लागतो. जन्मजात व्यंग किंवा अपघाताने आलेली विकृती दुरुस्त करायची असेल तरच सूट मिळते. आरोग्य विम्यातूनही हे उपचार वगळलेले असतात. त्याला माझी हरकत नाही, दुसऱ्याच्या पैशाने कोणी आपल्या डोळ्यांखालची सावली का पुसावी? पण कर लावणं वेगळं आणि तोंड फिरवणं वेगळं. आपल्या वैचारिक लिखाणात तर उत्तर तयारच असतं: बाजारपेठ, इन्स्टाग्राम, पुरुषी नजर. यातलं काही खोटं नाही. पण ते वाचून ती बाई घरी बसत नाही. ती जातेच, फक्त आपल्याला सांगत नाही.

शिवाय तिचं दुखणं आपण समजतो तितकं उथळ नसतं. सुरकुत्या निदान खरं वय सांगतात. खोल गेलेले डोळे मात्र खोटी बातमी पसरवतात. आठ तास झोपून, व्यवस्थित नाश्ता करून कामावर आलेल्या बाईला लिफ्टमध्ये कोणीतरी मायेने विचारतं, “काय गं, बरं नाही का?” पंचविशीतल्या मुलीला विचारतात, मुलाखतीला आलेल्या तरुणालाही विचारतात. रोज न झालेल्या आजाराचा खुलासा करत राहायचं, याचा कंटाळा येणं मला अगदी समजू शकतं.

हा खड्डा येतो कुठून? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरकी उतरणारी ही घळ. प्लास्टिक सर्जन तिला ‘टिअर ट्रफ’ म्हणतात. २०१२ साली मेलबर्नचे सर्जन ब्रायन मेंडेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातून दाखवलं की तिथे त्वचेला खालच्या हाडाशी बांधून ठेवणारा एक पक्का अस्थिबंध आहे. वरच्या बाजूला डोळ्याभोवतीची चरबी पुढे येते, खाली गालाची चरबी ओसरते आणि मधला हा बंध जागचा हलत नाही, म्हणून घळ दिसते. वयाबरोबर खोबणीच्या कडेचं हाडही झिजून मागे सरकतं. ज्यांचं गालाचं हाड मुळातच मागे आहे त्यांना ती विशीतच दिसते. आई, मावशी, मुलगी अशी सरळ घराण्यात उतरते. म्हणजे प्रकरण हाडाचं, बंधाचं आणि चरबीचं आहे. वरून लावायचं कोणतंही क्रीम तिथवर पोचत नाही, मग ते तीनशेचं असो की तीन हजारांचं.

पण पापणीखालचा प्रत्येक काळेपणा म्हणजे खड्डा नव्हे, आणि आपल्याकडे गफलत होते ती नेमकी इथेच. आपल्या कातडीत तिथे रंगद्रव्यच जास्त असू शकतं. पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे कधी खालचा स्नायू आणि शिरा जांभळट दिसतात. कधी ती खरोखर खड्ड्याची सावली असते. बहुतेकांत हे दोन-तीन प्रकार एकत्र नांदतात. तपासून पाहायला मोठं यंत्र लागत नाही. आरसा घेऊन खिडकीसमोर बसावं आणि डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करावी. मोबाइलचा टॉर्च समोरून, चेहऱ्याच्या पातळीवर धरला की सावली पुसली जाते, रंग मात्र तसाच राहतो. मग बोटाने खालची त्वचा हलकेच बाजूला ताणावी: रंगद्रव्य असेल तर डाग त्वचेबरोबर सरकतो, शिरांचा रंग असेल तर जांभळेपणा उलट वाढतो. पाच मिनिटांचा खेळ आहे. तरीही हा टॉर्च न लावताच सिरिंज फोडणारे दवाखाने आहेत. रंगद्रव्याखाली जेल भरलं तर काळं वर्तुळ फुगीर होतं, गोरं होत नाही.

ठाण्याच्या एका बँकेत काम करणारी माझी मैत्रीण दोन ठिकाणी जाऊन आली. पहिल्या ठिकाणी तिला आडवं झोपवून पाहिलं (आडवं झोपलं की चेहरा मागे सरकतो आणि खड्ड्याचा अंदाज चुकतो, हे तिला नंतर कळलं) आणि ‘आज केलंत तर पीआरपी, म्हणजे तुमच्याच रक्ताचा अर्क, फ्री’ असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत ताठ बसवलं, वर बघायला लावलं, आणि विचारलं, “नाक चोळता का? सकाळी शिंका येतात?” येत होत्या; जुनी ॲलर्जी होती. चोंदलेल्या नाकामुळे पापणीखालच्या शिरा तुंबतात आणि सतत डोळे चोळल्याने कातडी काळवंडते. पैसे न कमावता तिला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. असाच आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: पापण्या लांब व्हाव्यात म्हणून थेंब वापरता का? त्या थेंबांतलं बायमाटोप्रोस्ट हे मूळचं काचबिंदूचं औषध. त्याने पापण्यांचे केस वाढतात हे खरं, पण डोळ्याभोवतीची चरबी आटणं आणि कडा काळवंडणं हेही त्याचे माहीत असलेले परिणाम आहेत. पापण्यांसाठी थेंब घालायचे आणि त्या थेंबांनी पडलेला खड्डा भरायला इंजेक्शन घ्यायचं, असा दुहेरी खर्च करणारी माणसं आहेत.

खड्डा खराच असेल, तर आज बहुतेकांसमोर ठेवलं जातं ते हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर. हा पदार्थ १९३४ साली कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी पहिल्यांदा वेगळा काढला तोच मुळी गाईच्या डोळ्यातून. अमेरिकेत चेहऱ्यावरच्या घड्यांसाठी त्याचं जेल २००३ मध्ये मंजूर झालं, पण डोळ्यांखालच्या खड्ड्यासाठी म्हणून पहिली मंजुरी यायला २०२२ साल उजाडलं. मधली जवळजवळ वीस वर्षं जगभरचे डॉक्टर ते तिथे आपल्या जबाबदारीवर भरत होते. त्यात बेकायदा काही नव्हतं. जागा नाजूक होती म्हणून वेळ लागला. जेल वरच्या थरात राहिलं तर पातळ कातडीतून निळसर झाक मारतं. ते पाणी धरून ठेवणारं असल्यामुळे ज्यांचे डोळे मुळात सकाळी सुजतात त्यांची सूज आणखी वाढते. पत्रकावर ‘नऊ ते बारा महिने टिकतं’ असं छापलेलं असलं, तरी एमआरआयमध्ये ते डोळ्यांखाली कित्येक वर्षांनीही सापडलं आहे. म्हणजे दरवर्षी नियमाने ‘टॉप-अप’ करत राहणारी बाई आधीच्या भरावावर नवा भराव घालत असते आणि चेहरा हळूहळू उशीसारखा होतो.

तरीही निवड करायचीच असेल तर मी या फिलरच्याच बाजूने झुकेन, आणि कारण एकच: ते विरघळवता येतं. हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की जेल काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरतं. हेच एन्झाइम मोतीबिंदूच्या वेळी भुलीचं औषध डोळ्यामागे नीट पसरावं म्हणून त्यात मिसळतात, त्यामुळे ते दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. पीआरपीबद्दल थोडक्यात सांगायचं तर आपल्याच रक्तातला हा अर्क त्वचेचा पोत थोडाफार सुधारेल, पण खोल घळ काही भरणार नाही.

स्वतःची चरबी भरण्याची कल्पना ऐकायला फार गोड वाटते: नैसर्गिक, कायमची, पोटावरचीही कमी. तिचा इतिहासही जुना. जर्मन सर्जन नॉयबर यांनी १८९३ साली दंडातली चरबी काढून भरली ती डोळ्याच्या खोबणीपाशी, हाडाच्या आजाराने आत ओढल्या गेलेल्या व्रणाखाली. मागोमाग १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाच्या गेरसुनी यांनी पॅराफिनची टूम काढली. चेहऱ्यात पातळ मेण सोडायचं, ते घट्ट होतं, काम झालं. पुढे त्या मेणाच्या गाठी झाल्या, ते सरकलं, जखमा चिघळल्या, आणि परत काढता काही येईना. ‘कायमचं’ या शब्दाची भूल तेव्हापासूनची आहे. चरबी मेणाइतकी घातक नक्कीच नाही. कुशल हातात ती सुंदर बसते. पण अर्धा मिलिमीटर कातडीखाली तिची गाठ राहिली तर विरघळवणारं औषध नाही, आणि वजन वाढलं की तीही वाढते.

पन्नाशी-साठीत जिथे खड्ड्याच्या वर पिशवी लोंबते तिथे मात्र शस्त्रक्रियाच प्रामाणिक उत्तर असतं. पूर्वी सर्जन ती चरबी सरळ कापून टाकत. काही वर्षांनी त्यातल्या अनेकांचे डोळे आधीपेक्षा खोल गेलेले दिसू लागले. आता पापणीच्या आतून जाऊन, तो बंध सोडवून, तीच चरबी खाली घळीत पसरतात. खर्च जास्त, विश्रांती जास्त, आणि खालची पापणी ओढली जाण्याचा धोकाही आहे. पण अशा चेहऱ्यावर चार-चार सिरिंज ओतत राहण्यापेक्षा हे बरं.

आता गुपचूपपणाकडे. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर ते उलट दिशेने डोळ्याच्या धमनीत पोचून दृष्टी जाऊ शकते. हे फार क्वचित घडतं आणि नाकावर व दोन भुवयांच्या मध्ये धोका याहून जास्त आहे. घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. पण रेटिनाला रक्त मिळालं नाही तर तास-दीड तासात, कधी त्याही आधी, कायमची इजा होते, आणि गेलेली दृष्टी परत आल्याची उदाहरणं थोडी आहेत. त्वचेची रक्तवाहिनी तुंबली तर ती जागा पांढरी पडते, मग जाळीदार जांभळी होते आणि दुखते. तिथे हायलुरॉनिडेज लवकर मिळालं तर कातडी वाचते. अशा वेळी ज्या बाईने दाढ दुखतेय असं सांगितलंय ती घरी येऊन आरशात बघते आणि सकाळपर्यंत थांबते. कारण रात्री दहा वाजता नवऱ्याला काय सांगणार? तेवढ्यात हातातली वेळ निघून जाते.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून सौंदर्यशस्त्रक्रिया सुरू करणं म्हणजे पुरेसं प्रशिक्षण नव्हे. आयोगाला हे लेखी सांगावं लागलं यातच सगळं आलं. म्हणून सोबत कोणीतरी असावं, आणि त्या व्यक्तीने मोतीबिंदूच्या वेळी विचारतो तसेच रोखठोक प्रश्न विचारावेत. सुई कोण टोचणार, त्यांची पदवी कशातली? खोकं माझ्यासमोर फोडणार का, आणि त्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर माझ्या फाइलवर चिकटवणार का? हायलुरॉनिडेजच्या व्हायल आत्ता, इथे फ्रीजमध्ये आहेत का, दाखवाल? रात्री काही झालं तर फोन रिसेप्शनवर जाणार की तुमच्याकडे? ज्या डॉक्टरला हे प्रश्न आवडत नाहीत त्याच्याकडून चपला घालून निघावं.

आणखी एक गोष्ट पैशाची. सिरिंज साधारण एक मिलिलिटरची येते. दोन्ही डोळ्यांना मिळून पहिल्या वेळी बऱ्याचदा एवढंही लागत नाही. चांगला डॉक्टर मुद्दाम कमी भरतो, थोडी घळ राहू देतो आणि महिन्याभराने पुन्हा बघतो. लहान मुलांच्या चेहऱ्यावरही ती रेघ थोडीफार असते, ती पूर्ण बुजवली की चेहरा सुजल्यासारखा दिसतो. मग सिरिंजेत थोडं जेल उरतं. पैसे तर पूर्ण भरलेले असतात. तेव्हा हमखास प्रश्न येतो, “मॅडम, उरलंय, वाया जाईल, ओठांत टाकू का?” घरी तीन दिवसांची भाजीही फेकवत नाही अशा बाईला इथे नकार देणं जड जातं. तरी सांगावं, टाकून द्या.