उपद्रष्टा : जवळून पाहणारा



आजचे चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या २२ व्या श्लोकावर. त्यात देहातल्या परमात्म्याला पहिलं नाव दिलंय ते 'उपद्रष्टा', म्हणजे जवळ बसून पाहणारा. शब्द वाचला आणि परवाचा प्रसंग आठवला.

पंढरपूरहून आईला घेऊन परत येत होतो. एक लहानसं गाव लागलं, पण रस्ता मोकळा होता, म्हणून ऐंशीचा वेग काही कमी केला नाही. गाव संपता संपता समोरच्या टेम्पोवाल्याने डिपर दिला. खूण कळली. लगेच चाळीसवर आलो. पुढे कडुनिंबाखाली पोलिसांची गाडी, स्पीडगन लावलेली. सुटलो! मग मीही समोरून येणाऱ्या तीन-चार गाड्यांना डिपर दिला. तेवढंच पुण्य.

आई म्हणाली, "मघाशी शाळेपाशी नाही रे हळू केलीस. तो सायकलवाला पोरगा थांबला म्हणून बरं."

काय बोलणार? शाळा तर आधीच मागे पडली होती. आणि ज्यांना मी सावध केलं ते पोलिसांना ओलांडून, पुन्हा वेग वाढवून, त्या शाळेकडेच चालले होते. मी त्यांना पोलीस कुठे आहेत ते सांगितलं. मुलं कुठे आहेत ते नाही सांगितलं.

कोणी म्हणेल, पोलीस तरी लपून का बसतात? त्यांना पावत्याच फाडायच्या असतात. हे अगदीच खोटं नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात वाल्डो नावाचं हजारएक वस्तीचं गाव वेगाच्या दंडासाठी बदनाम होतं. थोड्याशा अंतरात तिथली वेगमर्यादा पुन्हा पुन्हा बदलायची. २०१४ मध्ये तिथल्या पोलिसांनीच तक्रार केली, की आम्हाला पावत्यांचा कोटा ठरवून दिलाय. तिथल्या कायद्याला ते मान्य नाही. शेवटी गावाने आपलं पोलीस खातंच बंद केलं.

म्हणजे लोभ खाकीतही असतो. पण त्यांचा दोष दाखवून माझा थोडाच धुतला जातो? दंड घेणाऱ्याचं लक्ष पैशावर, चुकवणाऱ्याचंही पैशावरच. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला वेगासाठी १००० ते २००० रुपये दंड आहे. तेवढ्या पैशांच्या भीतीने मी ब्रेक दाबला. सायकलवर बसलेल्या पोरासाठी नाही दाबला.

स्पीडगनची नजर रस्त्याच्या एका तुकड्यापुरती. तिची खबर देता येते, ती टाळता येते. उपद्रष्टा मात्र शेजारच्या सीटवरही नाही, त्याहून जवळ आहे. त्याच्यासाठी डिपर कोण देणार? आणि गंमत बघा, तो हात करून गाडी बाजूला घ्यायला लावत नाही. पावती फाडत नाही. नुसता पाहतो. म्हणूनच आपण त्याला विसरतो.

पोलीस दिसल्यावर गाडी हळू होते, ती भीती. कोणी नसताना शाळेपाशी हळू होते, तो धर्म. आजचा संकल्प एवढाच : पुढच्या शाळेपाशी डिपरची वाट पाहायची नाही. पाय आपणहून ब्रेकवर गेला पाहिजे.

राम कृष्ण हरी.