निळी रेघ

कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपला करणारे एक तात्या होते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तसे पुण्या-मुंबईचे दुकानदार विचारू लागले, "चामडं सालीत कमावलेलंच ना?" तात्यांनी तशी पाटीच लावून टाकली. चामडं पुरवणाऱ्या आबांना बजावलं, "क्रोम बंद. बाभळीची साल आणि हिरडा, बाकी काही चालायचं नाही."

आबा नुसते 'बरं' म्हणाले. ते कसं जमायचं, हे तात्यांनी विचारलं नाही.

हे काम सोपं नाही. म्हशीचं कातडं चुन्यात ठेवायचं, केस काढायचे, धुवायचं. मग त्याची पिशवी शिवून टांगायची आणि आत साल-हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी कातड्यातून पाझरत खालच्या भांड्यात पडतं, ते पुन्हा वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून तेच सगळं परत. महिना तर जातोच, आणि पावसाळ्यात वाळवण्याचे हाल वेगळे. क्रोमच्या क्षारात तेच कातडं दोन-तीन दिवसांत कमावून होतं.

गणपतीच्या तोंडावर तात्या तळ कापायला बसले. रापी फिरली आणि कापलेल्या कडेवर, तपकिरी रंगाच्या मधोमध, निळसर राखाडी रेघ दिसली. सालीचं चामडं कुठंही कापा, आत तपकिरीच निघतं. तो तुकडा घेऊन तात्या तडक आबांकडे गेले.

"फसवलंत मला!"

आबांनी तुकडा हातातही घेतला नाही. "सालवाल्याला रोख लागतं, हिरड्याला रोख लागतं. तुम्ही पैसे देताय तीन महिन्यांनी आणि माल मागताय आठ दिवसांत. महिन्याचं काम आठ दिवसांत कसं करू, तेवढं सांगा."

तात्या भडकले. खरं बोललेलं झोंबतंच. घरी येऊन त्यांनी आबांचा उद्धार सुरू केला, तेव्हा वेणी घालत बसलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "दुकानदार आपले पैसे थकवतो, म्हणून आपण आबांचे थकवतो. आबांनी कुणाचे थकवायचे? त्यांच्या मागं ओढाच आहे तेवढा."

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. आबांना निम्मे पैसे आगाऊ गेले, मुदत दीड महिन्याची ठरली. दुकानदारांना तात्यांनी कळवलं, मागणी आधी नोंदवा, निम्मी रक्कम पाठवा, भावही वाढलाय. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तिथंच तुटलं. त्याला तसल्याच चपला दुसरीकडे स्वस्तात मिळाल्या, नावही कोल्हापुरीच. तात्यांचा दसरा ओढाताणीत गेला. पुण्याच्या एका दुकानदारानं कुरकुर केली, पण पैसे पाठवले.

दिवाळीनंतर आबा गठ्ठा घेऊन आले. तात्यांनी रापी उचलायच्या आत आबांनीच एक कातडं बाजूला काढलं.

"हे घेऊ नका. चुन्यात जास्त राहिलंय, तळाला टिकायचं नाही. ह्याचे पैसे धरू नका."

तात्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. वरून दोष अजिबात कळत नव्हता. एरवी असलं कातडं गठ्ठ्याच्या मधोमध घालून आलं असतं.