चाळीस वर्षांचे मस्टर

पांढरा ॲस्बेस्टॉस नियंत्रणात वापरला तर निर्धोक असतो, आणि तो घातक असताच तर भारतात मेसोथेलिओमाचे रुग्ण इतके थोडे कसे, असा सवाल सिमेंट-पत्र्यांचे कैवारी वर्षानुवर्षे टाकत आले आहेत. मोजणी कोणी केली, हे त्यात गाळलेले असल्यामुळे तो बिनतोड वाटतो.

मेसोथेलिओमा हा फुफ्फुसांवरच्या, क्वचित पोटातील अवयवांवरच्या, पातळ आवरणाचा कर्करोग होय. ॲस्बेस्टॉस हे उभे चिरत गेल्यास अधिकाधिक बारीक होत जाणारे तंतुमय खनिज असून, श्वासावाटे आत गेलेला त्याचा तंतू शरीराला विरघळवताही येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. या झटापटीतून गाठ उभी राहायला बहुधा वीस ते पन्नास वर्षे लागतात.

या रोगाचे ॲस्बेस्टॉसशी असलेले नाते सूक्ष्मदर्शकाने उघड केले असे मानले जाते, पण त्याचे अर्धे श्रेय दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या क्षयरुग्णालयातले डॉक्टर स्लेग्ज यांचे आहे. छातीत पाणी झालेले पूर्वेकडचे रुग्ण क्षयाच्या औषधांनी बरे होतात आणि पश्चिमेकडचे होत नाहीत, हे त्यांनी टिपले. पश्चिमेला निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड यांनी १९६० मध्ये तेहतीस रुग्णांचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील अनेकांनी खाणीत कधी काम केलेले नव्हते. ते केवळ त्या मुलखात राहिले वा वाढले होते. म्हणजे रोग्याचे गाव विचारले नसते, तर हे सारे क्षयाच्या खात्यावर जमा झाले असते.

अहिल्यानगर जिल्ह्यात छातीत पाणी झालेल्याला आधी क्षयाची औषधे मिळतात, आणि क्षयाचे प्रमाण पाहता त्यात डॉक्टरांची चूकही नाही. प्रश्न औषध लागू न पडलेल्यांचा आहे. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाल्यापासून जिल्हा साखरेचा झाला. बॉयलरच्या दारांना आणि वाफेच्या नळांना ॲस्बेस्टॉसची दोरी व लेप लावणे ही तेव्हा जगभरची सर्रास रीत होती. हंगामी कामगाराचे मस्टर मात्र हंगामापुरते. जिल्ह्यातल्या जामखेडच्या शेजारचे भूम आणि परांडा हे तालुके १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आहेत, पण रुग्णाने चार दशकांपूर्वी कशाची धूळ खाल्ली हे खणून काढणे हा अशा नोंदणीचा हेतूच नसतो. रिकाम्या रकान्याला निरोगीपणाचा दाखला मानणे ही चलाखी आहे.

तरीही कैवाऱ्यांचे एक म्हणणे मान्य करावे लागते: पांढऱ्याचे तंतू निळ्यापेक्षा फुफ्फुसात कमी टिकतात, आणि सिमेंटमध्ये जखडलेला अखंड पत्रा घरात फारसे तंतू सोडत नाही. त्यामुळे पत्र्याखाली झोपणाऱ्या प्रत्येकाला घाबरवणारे लिखाणही तितकेच बेजबाबदार ठरते. पण पांढराही मेसोथेलिओमा घडवतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे, आणि ‘नियंत्रण’ हा शब्द कारखान्याच्या फाटकापर्यंतच खरा असतो. पावसाळ्यापूर्वी करवतीने पत्रा कापणाऱ्या, जुना गोठा पाडून तुकडे वाटेत पसरणाऱ्या माणसावर नियंत्रण कोणाचे? उद्या बंदी आली तरी छपरांवरचा साठा उतरवणारा हाच असेल, आणि म्हणून बंदी हे अर्धेच उत्तर आहे.

जाता जाता भूगर्भाचाही एक दाखला पाहता येतो. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचा हिरवा ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मिरवतो. त्याच्या जोडीला सापडणाऱ्या झिओलाइट खनिजांच्या कुळातले एरिओनाइट मात्र तंतुमय असून, तुर्कस्तानातील कराइन गावात ॲस्बेस्टॉस नसतानाही त्याने मेसोथेलिओमा घडवला. म्हणून काही राहुरीच्या स्फटिकांना घाबरण्याचे कारण नाही. घातक ठरतो तो बारीक, टिकाऊ तंतू, मग त्याचे नाव काहीही असो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्यास सांगितले. रोगाची चाल ओळखणारा हा आदेश ज्यांच्या नोंदी मुळात असतात त्यांना उपयोगी पडतो. पत्रे कापणाऱ्याचे मस्टर कोणत्याही कपाटात नाही. त्याच्याबाबत उरतो तो स्लेग्ज यांचा प्रश्न, आणि क्षयाच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णाला तो विचारायला केसपेपरवर एक ओळ पुरते.