उमेदवारी पत्करावी की नाही?

उमेदवारी हा शब्द आजकाल निवडणुकीपुरताच उरला आहे. पूर्वी तो छापखान्यात, कचेरीत, कारखान्यात सर्रास चालत असे. धंद्याचे ज्ञान व्हावे म्हणून अल्प वेतनावर, प्रसंगी विनावेतनही, राबणे म्हणजे उमेदवारी करणे. शब्द मागे पडला, प्रश्न मात्र आमच्या कित्येक घरांत जसाच्या तसा उभा आहे. मुलगा यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेऊन किंवा आय.टी.आय.मधून फिटर-टर्नर होऊन बाहेर पडतो, बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या कारखान्यात त्यास ‘ट्रेनी’ म्हणून वर्षभराची जागा मिळू लागते, आणि घरात दोन पक्ष पडतात. विद्यावेतन बेताचे, पुढे कायम करतील याची शाश्वती नाही. त्यापेक्षा बँकेच्या परीक्षेला आणखी एकदा बसावे काय?

या वादात बहुधा एक गोष्ट उघड बोलली जात नाही. तेलाने काळवंडलेल्या हातांची वडीलधाऱ्यांस लाज वाटते. खंडेनवमीस आपण यंत्रांस हळदकुंकू वाहतो, लेथवर झेंडूची माळ चढवितो. परंतु त्याच लेथपाशी आपला मुलगा उभा राहिला तर सोयरिकीच्या वेळी त्याची ओळख ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर आटोपतो. हा दुटप्पीपणा आहे, आणि मुलाच्या आयुष्याचा निर्णय त्यावर ठरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशा वेळी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण हटकून पुढे केले जाते. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष आढळल्याने यांत्रिक रेखांकनाकडे वळले. पुढे बेळगावात सायकलींचा धंदा आणि लोखंडी नांगर, आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना. हे सारे खरे व अभिमानास्पद आहे. तथापि ते स्वतःच्या दुकानाचे धनी होते, दुसऱ्याच्या कारखान्यातील उमेदवार नव्हते. ज्या घरास पहिल्या तारखेस भाडे द्यावयाचे आहे, त्या घरच्या मुलास थोरांची चरित्रे सांगून गप्प करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पैशाची अडचण हा खरा आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे.

आमच्या मते उमेदवारी हा एक सौदा आहे. उमेदवार आपल्या श्रमाच्या मोलाचा काही भाग सोडून देतो; बदल्यात त्यास विद्या मिळावयाची असते. ती मिळत असेल तर वेतन कमी असण्यात अन्याय नाही. ती मिळत नसेल तर ‘ट्रेनी’ हे स्वस्त मजुराचे गोड नाव ठरते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानेही हाच भेद धरला आहे: ज्याचा त्याखाली रीतसर करार होतो, तो कायद्याच्या दृष्टीने कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. मात्र जो नुसत्या नेमणूकपत्रावर ‘ट्रेनी’ म्हणून घेतला जातो, त्याच्या पाठीशी तो करार नसतो. म्हणून कागद नीट वाचावा.

आता विद्या मिळते की नाही, हे कसे ओळखावे? जुन्या पद्धतीच्या फिटरखात्यात नवख्याच्या हाती प्रथम कानस देत. लोखंडाचा ठोकळा घासावयाचा, गुण्या लावून उजेडापुढे धरावयाचा, फट दिसली की पुन्हा घासावयाचा. दिवसचे दिवस यातच जात आणि मुले कंटाळत. परंतु हातास सपाटी कळत असे ती तेथेच. आजच्या सी.एन.सी. यंत्रावर याच्या उलट घडू शकते. तुकडा चकमध्ये धरावा, दार लोटावे, बटण दाबावे, तुकडा काढावा; पाळीभर एवढेच. पहिल्या आठवड्यात मुलास वाटते की आपण मोठ्या यंत्रावर काम करतो. वर्षाअखेरीस त्यास टूल बदलल्यावर ऑफसेट कसा द्यावा हे ठाऊक नसते, ड्रॉइंगवरील मापांची सूट वाचता येत नाही, मायक्रोमीटरने शतांश मिलिमीटर मोजण्याचे काम नेहमी दुसऱ्याच कोणी केलेले असते. कंटाळवाणी कानस ही विद्या होती. झगमगते यंत्र मात्र पुष्कळदा केवळ राबवून घेते.

म्हणून होकारापूर्वी मुलाने गेल्या वर्षीच्या उमेदवारांस गाठावे. त्यांस किती खात्यांत फिरविले, सेटिंग करू दिले की नाही, आज ते कोठे आहेत, हे विचारावे. ओतकामाचा कारखाना असेल तर रस ओतताना चष्मा आणि बूट कोण देतो, हेही विचारावे; संकोच करू नये.

एक अवघड भाग उरतो. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत वेळ काढावा, या हिशेबाने जागा धरणे योग्य काय? जो मिस्त्री आपली पाळी सांभाळून एखाद्यास शिकवितो, तो स्वतःच्या वेळेतून देतो, आणि ती जागा खरोखर शिकू इच्छिणाऱ्या दुसऱ्यास मिळाली असती. परीक्षा दिली असेल तर मुलाने तसे आरंभीच सांगावे. त्यामुळे जागा गेली तर जाऊ द्यावी. परंतु शिकविण्याचे कबूल करून मालकाने वर्षभर नुसते तुकडेच उचलावयास लावले, तर वचन प्रथम त्याने मोडले. तेव्हा मुदतीपूर्वी निघून जाणाऱ्या मुलास आम्ही दोष देणार नाही.

घरच्यांनी मात्र एक करावे. वर्षभर मुलाकडून किती रुपयांची अपेक्षा आहे आणि किती घर सोसू शकते, तो आकडा त्यास आजच स्पष्ट सांगावा. तो न सांगता नुसती तोंडे पाडून बसलेल्या घरात मुलगा होकारही देतो तो धास्तीने, आणि नकारही देतो तो धास्तीनेच.