उतारशाळेचा धनी

शोमरोन्याच्या दाखल्यावर आमच्या मंडळ्यांत आजवर किती उपदेश झाले असतील ह्याची गणती नाही. वाटेत जखमी होऊन पडलेला मनुष्य, त्यास पाहून पलीकडून निघून गेलेले दोघे, आणि थांबलेला तो परका, ह्या चौघांविषयी वाचकांस नवे सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नाही. परंतु त्या गोष्टीत आणखी एक मनुष्य आहे आणि त्याच्याकडे उपदेशकांचे सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे उतारशाळेचा धनी. शोमरोनी एक रात्र राहिला, दुसऱ्या दिवशी दोन नाणी देऊन, अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगून आपल्या वाटेने गेला. जखमी मात्र तेथेच राहिला. त्याच्या जखमा धुणे, त्यास खाऊ घालणे, रात्री तो कण्हू लागला म्हणजे शेजारच्या खोलीतील उतारूंची कुरकुर ऐकून घेणे, हे सर्व त्या धन्याच्या वाट्यास आले असले पाहिजे. आणि त्याने पैसे घेतले. ते घेतल्याबद्दल प्रभूने त्यास दोष दिलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आज ह्या मनुष्याची आठवण करण्यास कारण आहे. जुन्नर व आंबेगाव हे तालुके आता उतारशाळांचा मुलूख होऊ लागले आहेत. जुन्नर तालुक्यास २०१८ साली महाराष्ट्र शासनाने विशेष पर्यटन क्षेत्र ठरविले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज ही नावे मुंबई-पुण्याच्या लोकांस पाठ झाली आहेत. आंबेगावातून भीमाशंकरास जाणाऱ्या रस्त्यावर श्रावणात गाड्यांची रांग लागते. शेताच्या बांधावर खोल्या उभ्या राहिल्या, चुलीवरच्या भाकरीस मोल आले, आणि ज्या पावसास आमचे वाडवडील भात लावण्यापुरते ओळखत, तो पाऊस पाहण्याची वस्तू झाला. ह्यात वाईट काही आहे असे आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू जमिनीच्या धन्यास चार पैसे मिळाले तर त्याचे आम्हांस समाधानच आहे.

परंतु जो पाऊस माळशेजचे धबधबे वाहवितो, त्याच पावसाने ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर लोटला. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी.च्या चालकास रस्त्याच्या टोकाशी गावच दिसेना, आणि त्याच्यामुळे ती बातमी बाहेर गेली. १५१ माणसे गेली. त्यांतील बहुतेक महादेव कोळी समाजाची, भात-नाचणी पिकविणारी व हिरडा गोळा करणारी. दरडीखालून एक तीन महिन्यांचे बाळ आपल्या आईसह जिवंत निघाले. वाचलेल्यांत पुष्कळसे असे होते की जे त्या सकाळी पोटासाठी वा शिक्षणासाठी गावाबाहेर असल्यामुळेच वाचले. म्हणजे ते परतले तेव्हा त्यांस घरही नव्हते आणि घरी कोणी नव्हते.

काही दिवसांतच दोष कोणाचा ह्याची चर्चा सुरू झाली. कोणी अतिवृष्टीकडे बोट दाखविले, कोणी तुटलेल्या झाडांकडे, कोणी पडकईच्या कामाकडे, म्हणजे डोंगरउतारावर यंत्राने खाचरे पाडण्याकडे. कारणे शोधलीच पाहिजेत, नाहीतर पुढचे गाव वाचणार नाही. पण ज्याची सारी माणसे गेली त्याच्यासमोर बसून, तुम्ही डोंगर का पोखरलात, असे विचारणाऱ्याने शहाणपणाचा दिवस चुकविला असे आम्हांस वाटते. पोटाला जमीन पुरत नाही म्हणून डोंगर पोखरावा लागतो, हे त्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यास बहुधा ठाऊकच असते.

आता आमचा मुद्दा. निराश्रितांस पहिल्या रात्री थारा देणे हे आपल्या लोकांस शिकवावे लागत नाही. दार वाजले की मराठी घर उघडते, चूल पेटते, घोंगडी निघते. अशा प्रसंगी भाकरींचे गठ्ठे इतके येतात की त्यांतील काही वाया जातात, आणि जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडतात. पहिला आठवडा हा दयेचा असतो, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. परीक्षा दुसऱ्या महिन्यात होते. माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांनी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडांत दिवस काढले, आणि आमडे येथे वसविलेल्या नव्या गावाच्या ६७ घरांच्या किल्ल्या त्यांच्या हाती पडल्या त्या २ एप्रिल २०१७ रोजी. म्हणजे दोन वर्षे आठ महिने. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या गावातील भराव खचले, रस्त्यांस तडे गेले, आणि एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसांनी ते तडे पाहिले. दोन वर्षे आठ महिने कोणाची दया टिकते? दयेचा तो स्वभावच नव्हे. ती पाहुण्यासाठी असते, आणि पाहुणा तीन दिवसांचा असतो.

हाच प्रश्न उद्या दुसऱ्या वाटेने आपल्या दारी येईल. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्याकडील वस्त्यांत पाणी शिरले व लोकांस नावांतून बाहेर काढावे लागले. आपल्या तालुक्यांतून पुण्यास गेलेली घरे थोडी नाहीत. त्यांतले एखादे कुटुंब, म्हातारे आईबाप व शाळेतली मुले घेऊन, श्रावणातल्या एका शुक्रवारी जुन्नरला येऊन खोली मागते असे समजा. खोल्यांच्या धन्याकडे शनिवार-रविवारचे पैसे आगाऊ येऊन पडले आहेत. ह्या धन्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याने पतसंस्थेचे कर्ज काढून खोल्या बांधल्या आहेत. पावसाचे चार महिने हाच त्याचा सुगीचा काळ, पुढे उन्हाळ्यात त्या खोल्यांत चिमण्या घरटी करतात. त्यास आपण म्हणतो, अरे, माणुसकी दाखव, ह्यांस फुकट ठेव. असे म्हणणारे आपण स्वतः काय देतो? बहुतेक वेळा केवळ सल्ला. दुसऱ्याच्या खोलीवर पुण्य जोडणे फार स्वस्त पडते.

म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतो की निराश्रिताकडून वाजवी भाडे घेणे हे पाप नव्हे. पाप दोन ठिकाणी आहे. गरज पाहून भाडे वाढविणे हे एक, आणि अधिक देणारा आला म्हणून आत असलेल्यास बाहेर काढणे हे दुसरे. उतारशाळेच्या धन्याने ह्यांतले काहीच केल्याचे दिसत नाही. उलट त्याने उधारीवर विश्वास ठेवला. शोमरोनी परत आला की नाही हे दाखल्यात सांगितलेले नाही. सरकार पुष्कळदा त्या शोमरोन्याप्रमाणे असते, परत येताना फेडीन म्हणून जाते, आणि त्याची परतीची वाट फार लांबची असते. तेव्हा ज्यापाशी भाडे नाही त्याचे भाडे कोणी भरावे? गावाने, ग्रामपंचायतीने, मंडळीने, जातभाईंनी. दोन नाणी देणारा आणि खोली देणारा असे दोघे लागतात, आणि दोघांचे ओझे एकाच्याच माथी मारले म्हणजे तो आज ना उद्या दार लावून घेतो.

भाड्याचा आणखी एक गुण आहे, आणि तो बोलून दाखविताना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण फुकट देणे हे आपण सर्वांत थोर मानतो. फुकटच्या खोलीला आतून कडी नसते. एखादी बाई दुसऱ्याच्या पडवीत चूल मांडते तेव्हा तिच्या पातेल्यात काय शिजते ते सारे घर पाहते. एखाद्या दिवशी तिने मासळी आणली तर, बघा, दान खाऊन मासळी खाते, असे म्हटले जाते. तिचा मुलगा हसला तर, इतक्या लवकर विसरला, असे म्हणतात. पाण्याच्या नळावर तिचा हंडा शेवटी लागतो, आणि ती तो पुढे सारीत नाही, कारण ती उपकाराखाली आहे. महिना-दोन महिने असे गेले म्हणजे उपकार करणारा थकतो व घेणारा आतून मरतो. तीच बाई थोडेसे भाडे देऊ लागली, किंवा लावणीला, कांदा काढणीला, खोल्यांच्या स्वयंपाकाला मजुरीने जाऊ लागली, की तिचा हंडा आपोआप रांगेत आपल्या जागी येतो. आमच्या मते आश्रय देणाऱ्याचे खरे देणे छप्पर एवढेच नसते. आपण ज्यास आश्रय दिला त्यास आपल्या ऋणातून मोकळे होण्याची वाट करून देणे, हे त्याहून मोठे देणे आहे, आणि ते देण्यास मन अधिक मोठे लागते.

पुण्याने हे एकदा अनुभविले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि नदीकाठचे पेठांचे पुणे वाहून गेले. लोकांनी शाळा, देवळे, नातलगांची घरे ह्यांत आसरा घेतला. पुढे पूरग्रस्तांसाठी वसाहती वसविल्या गेल्या. घर मिळाले, परंतु पुष्कळांच्या पायाखालच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. जो मनुष्य पुरात तरुण होता तो म्हातारा झाला तरी कागदोपत्री पूरग्रस्तच राहिला. पुराचे पाणी काही तासांत ओसरले, आणि तो शब्द मात्र पिढी दोन पिढ्या ओसरला नाही.

आंबेगाव तालुक्यास तर हे फार दूरचे नाही. ज्या गावाचे नाव तालुका लावतो ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि कचेरी घोडेगावी आहे. त्या जलाशयास महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिलेले आहे. त्या पाण्याने खाली बागायत आली, ऊस आला, आणि वर आदिवासींची खाचरे गेली. येथे नैसर्गिक आपत्ती नव्हती, ठरवून केलेले काम होते. पण उठलेल्या माणसास ह्या भेदाने काय सुख? लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. धरणग्रस्तांपैकी कित्येक तेथेच काठावर टिकले. पाणी उतरेल तशा उघड्या पडणाऱ्या जमिनीवर त्यांनी गाळपेर केली, जलाशयात मासेमारी उभी केली, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या शाश्वत ह्या संस्थेस २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्या पाण्याने जमीन नेली त्याच पाण्यावर हक्क मागण्यास जे धैर्य लागते, ते दानाच्या पोत्यातून येत नाही.

आणि २०२० सालचा मार्च महिना आमच्या वाचकांपैकी कोणी विसरला नसेल. मुंबईहून पायी, टेम्पोतून, मिळेल त्या वाहनाने लोक आपल्या गावी परतू लागले, आणि महाराष्ट्रातील पुष्कळ गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. रोगाची भीती खोटी नव्हती. वेगळे ठेवणे आवश्यकही होते, आणि ज्या गावांनी शाळा उघडून, तेथे पाणी व जेवण पोचवून आपल्या माणसांस चौदा दिवस वेगळे ठेवले त्यांनी दोन्ही धर्म पाळले. पण आदल्या हिवाळ्यात ज्या वेशीतून परके पाहुणे पैसे देऊन आत आले, त्याच वेशीवर घरचा मुलगा अडविला गेला, ही गोष्ट मनाला टोचते. तो येथेच जन्मलेला, त्याने मुंबईत पाठीवर ओझी वाहून गावच्या देवळाला व शाळेला वर्गणी पाठविलेली. त्या महिन्यात त्याला कळले की आपण गावचे नसून गावाचे गिऱ्हाईक होतो.

जुन्नरच्या डोंगरांस ह्या बाबतीत फार जुनी आठवण आहे. येथे दोनशेंहून अधिक लेणी कोरलेली आहेत. फिरते भिक्षू पावसाळ्याचे महिने एके ठिकाणी राहत, त्या मुक्कामासाठी अशा ओवऱ्या व पाण्याच्या पोढी लागत. येथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत काही यवन आहेत, म्हणजे नाणेघाटच्या व्यापारी वाटेवरील ह्या गावी आलेले परदेशी. त्यांतल्या चिट नावाच्या एकाने संघास भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या दुसऱ्याने पाण्याच्या दोन पोढी. राहणारा बाहेरचा, देणाराही बाहेरचा, डोंगर मात्र येथला. परक्यास येथे केवळ घेणारा म्हणून उभे न ठेवता देणारा होऊ दिले, म्हणून त्याचे नाव दगडावर राहिले.

येत्या पावसाळ्यापूर्वी ह्या दोन तालुक्यांतील वाचकांनी एवढे करून पाहावे. खोल्यांचे आगाऊ पैसे लोक ज्येष्ठातच भरू लागतात. तेव्हा वैशाखातच ग्रामसभेपुढे हा विषय ठेवावा की दरड कोसळली, पूर आला, तर कोणाच्या किती खोल्या मिळतील, त्यांचे भाडे काय व ते कोण भरील, शाळेची किल्ली रात्री कोणापाशी असते, मोठी पातेली कोणाच्या घरी आहेत, आणि येणाऱ्यांतील हात चालणाऱ्या माणसांस कोणते काम देता येईल. खोल्यांच्या धन्यांस त्या सभेस मुद्दाम बोलवावे, त्यांस प्रथम बोलू द्यावे, आणि बोलणे झाल्यावर आकडे वहीत लिहून घ्यावे.