तटस्थ लिंगभाव आणि स्त्रीत्व

काही व्यक्तींची स्वतःविषयीची जाणीव पुरुषाची नसते आणि पूर्णपणे स्त्रीचीही नसते. ती तटस्थ असते, पण तिचा ओढा स्त्रीत्वाकडे असतो. अशी व्यक्ती स्वतःला बाई म्हणवून घेईलच असे नाही. तरी वेश, अलंकार किंवा नाती यांतले स्त्रीत्व तिला आपले वाटते. हा लिंगभाव होय. शरीराची रचना आणि लैंगिक आकर्षण या त्याहून वेगळ्या बाबी आहेत. जन्माने पुरुष ठरवली गेलेली, पण स्वतःला स्त्रीच मानणारी ट्रान्स स्त्री हीसुद्धा निराळी. लोकनाट्यात स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचे स्त्रीत्व प्रयोगापुरते असते. इथे ते रोजच्या जगण्याचा भाग असते.

तटस्थता आणि स्त्रीत्व एकत्र कसे नांदणार, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर वऱ्हाडातल्या चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानला सापडते. तिथले प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (1881–1915) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. ते विवाहित गृहस्थ होते. तरीही ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत. कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. त्यांचा विचार मधुराद्वैत या नावाने ओळखला जातो. अद्वैतात आत्म्याला लिंग नाही. स्त्री-पुरुष हा भेद देहापुरता. मधुरा भक्तीत मात्र भक्त भगवंताची प्रिया होतो. या दोहोंत महाराजांना विरोध दिसला नाही. स्वरूप लिंगातीत आणि भाव स्त्रीचा, असा मेळ त्यांच्या विचारात आणि आचरणातही होता.

महाराजांना आजच्या संज्ञा चिकटवणे योग्य नाही. त्यांचा स्त्रीभाव ईश्वराशी जोडलेल्या नात्यातून आला. दक्षिण महाराष्ट्रातले साडी नेसून जोगवा मागणारे जोगतेही यल्लम्मा देवीच्या नावानेच समाजात वावरतात. आजच्या व्यक्तीचा दावा याहून साधा आहे: देवाचा आधार नसला तरी आपली जाणीव खरी मानली जावी.

कायद्याने या दिशेने पावले टाकली. आपला लिंगभाव ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात म्हटले. 2019 च्या तृतीयपंथी संरक्षण कायद्याने आपल्या व्याख्येत किन्नर, हिजडा, जोगता यांच्याबरोबर जेंडरक्वीअर, म्हणजे स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्या, व्यक्तींचाही समावेश केला आणि ओळखपत्र देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवले.

ओळखपत्राने कागद बदलतो. घर, वर्ग आणि वसतिगृह आपोआप बदलत नाहीत. तृतीयपंथी म्हटले की लोकांना गुरू-चेल्यांची परंपराच आठवते. त्या परंपरेबाहेरची, घरातच राहून शिकणारी किंवा नोकरी करणारी तटस्थ व्यक्ती कुणाच्या ध्यानात येत नाही. संताच्या मंगळसूत्रापुढे वऱ्हाडाने हात जोडले. तोच समंजसपणा आपल्या घरातल्या आणि शेजारच्या लेकरालाही मिळायला हवा, कारण ते लेकरू पूजा नव्हे, फक्त आदर मागते आहे.